‘न’ची फळगळ

आमच्याकडे संत्रा पुल्लिंगी आहे आणि बायकोच्या माहेरी नपुंसकलिंगी. लग्नाला चौदा वर्षं झाली, तरी या भांडणावर तोडगा निघालेला नाही. मी काटोलकडचा. आम्ही ‘तो संत्रा’ म्हणतो, अनेक झाले की ‘संत्रे’. ती पुण्याची, त्यातही कसब्यातली. तिच्यासाठी ‘ते संत्रं’, अनेक झाली की ‘संत्री’. दर वर्षी डिसेंबरात गावाहून पेटी येते. मी म्हणतो, “बारा संत्रे काढून ठेव.” ती काढते आणि मग ‘संत्री’वर जरा जास्तच जोर देत सांगते, “बारा संत्री ठेवलीत टेबलावर.” शुद्धलेखनाची वही तपासून परत द्यावी, तसा तो सूर असतो.

आजोबांची बाग होती. आता वडील बघतात. संत्र्याच्या बागेतलं खरं कसब पाणी देण्यात नसतं, न देण्यात असतं. आंबिया बहार धरायचा तर ऐन थंडीत झाडांचं पाणी तोडायचं. ‘ताण देणं’ म्हणतात त्याला. पानं मलूल होतात, गळायला लागतात, नवख्याच्या पोटात गोळा येतो. मग पाणी सोडलं की काही दिवसांत झाड पांढऱ्या फुलांनी लगडतं आणि गोठ्यातल्या शेणाचा वाससुद्धा त्या सुगंधाखाली दबतो. आजोबांना संत्र्याला चाकू लावलेला खपायचा नाही. “चाकू कायले लागते?” म्हणत ते देठाच्या बाजूनं अंगठा खुपसायचे आणि टरफल एकाच तुकड्यात उतरवायचे. टरफल मुडपताना जो बारीक फवारा उडतो, तो एकदा त्यांनी कंदिलाच्या ज्योतीजवळ उडवून दाखवला होता. तडतड ठिणग्या उडाल्या. तेव्हापासून मला हे फळ थोडं जादूचं वाटतं.

एक गोष्ट मात्र लहानपणापासून खटकायची. रंगपेटीत ‘नारिंगी’ रंग होता. आमच्या अख्ख्या पंचक्रोशीत नारिंग म्हणून कोणी काही खात नव्हतं. फळ संत्रा आणि रंग नारिंगी, हे कसं? गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, “रंगव गपगुमान.”

याचं उत्तर मिळायला मला हॉलंडात जावं लागलं. कंपनीनं दोन वर्षांसाठी युट्रेक्टला पाठवलं होतं. दुपारच्या डब्यानंतर मी एक संत्रा सोलायचो. तिथे मिळायचा तो आपला सैल सालीचा नव्हे, घट्ट सालीचा. अंगठा खुपसून खुपसून नख दुखायचं. एके दिवशी शेजारच्या स्पॅनिश सहकाऱ्याला मी सहज विचारलं, तुमच्यात याला काय म्हणतात? तो म्हणाला, “नारांखा.” हातातली फोड हातातच राहिली. नारांखा! रंगपेटीतलं नारिंग इथे, माद्रिदच्या माणसाच्या तोंडी!

मग मला चाळाच लागला. त्या टेबलावर अर्धा युरोप जेवायला बसायचा. हंगेरीची बाई म्हणाली, “नॉरॉन्च.” इटलीचा म्हणाला, “आरांचा.” पोर्तुगीज पोरगा म्हणाला, “लारांझा.” फ्रेंच बाईंचं ‘ओरांझ’ आणि इंग्रजीतलं ‘ऑरेंज’ तर आपल्याला शाळेपासून पाठ. एकाच घराण्यातली चुलत-मावस भावंडं लग्नात एका रांगेत उभी केल्यासारखी ती नावं दिसायला लागली. नाकं वेगवेगळी, कपाळ मात्र तेच.

त्या घराण्याचा मूळपुरुष आपल्याकडचा. संस्कृतात ‘नारङ्ग’, आणि अमरकोशात ‘नागरङ्ग’ असंही रूप आहे. बरेच अभ्यासक आणखी मागे, द्राविड भाषांकडे बोट दाखवतात. मल्याळममध्ये आजही लिंबाला ‘नारङ्ङ’ म्हणतात आणि तमिळमध्ये एका आंबट फळाला ‘नारत्तै’. म्हणजे आर्यभाषांनी तो शब्द दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांकडून वाटीभर साखरेसारखा उसना आणला असणार. इथून तो फारसीत गेला, ‘नारंग’ झाला. अरबीत ‘ग’ जुळेना म्हणून ‘नारंज’ झाला. अरबांनी झाड आणि शब्द एकाच गाठोड्यात बांधून दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास सिसिलीत आणि स्पेनमध्ये नेले. कॉर्दोबाच्या मशिदीच्या अंगणाला आजही ‘नारिंगांचं अंगण’ असंच नाव आहे. मशिदीत पुढे कॅथेड्रल झालं, पण अंगणातल्या झाडांचं नाव तसंच राहिलं.

स्पॅनिश लोकांनी पहिला ‘न’ सांभाळला. हंगेरियन, क्रोएशियन लोकांनीही सांभाळला. इटालियन आणि फ्रेंचांनी मात्र तो घालवला. कसा, ते बघण्यासारखं आहे. या भाषांत नामाच्या आधी ‘एक’ अशा अर्थाचा ‘उन’, ‘उना’ लावायची सवय. ‘उना नारांचा’ भरभर म्हणून बघा. दोन ‘न’ एकमेकांना चिकटतात. ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो की हा ‘न’ आधीच्या शब्दाचा की पुढच्या? बाजारात कोणाला सवड आहे? ‘उन आरांचा’ असं तुटलं आणि फळाचा ‘न’ कायमचा ‘एक’च्या खात्यात जमा झाला. ‘ध’चा ‘मा’ करायला म्हणे आनंदीबाई लागल्या. इथे ‘न’ गाळायला कोणत्याही कारस्थानाची गरज पडली नाही, भाजीवाल्याची घाई पुरली.

इंग्रजीत ‘अ नोरेंज’चं ‘ॲन ऑरेंज’ झालं असं पुष्कळदा सांगितलं जातं. ते चूक आहे. इंग्रजीनं ही करामत इतर शब्दांवर केली आहे. ‘ॲप्रन’ हा मूळचा ‘नॅप्रन’. पण ऑरेंज चौदाव्या शतकाच्या अखेरीस तिथे पोचला तेव्हा त्याचा ‘न’ आधीच फ्रान्स-इटलीच्या रस्त्यात पडलेला होता. उरलेल्या ‘आरांज’चा सुरुवातीचा ‘आ’ फ्रान्सकडे ‘ओ’ होण्यामागे सोन्याचा हात आहे असं मानतात. लॅटिनमध्ये सोनं म्हणजे ‘औरुम’, फ्रेंचमध्ये ‘ओर’. असं झगझगीत फळ दिसल्यावर त्याच्या नावात सोनं आहे असं लोकांना वाटणारच. पंडितांनी तर लॅटिनमध्ये त्याचं ‘औरांतियुम’ करून टाकलं आणि वनस्पतिशास्त्रात ते नाव अजून चालतं. नारिंगाला सोन्याचा मुलामा चढला तो असा, निव्वळ ऐकण्यातल्या गफलतीतून.

पोर्तुगीज ‘लारांझा’तला ‘ल’ मला फार आवडतो, कारण तो आपल्या घरचा आहे. एका शब्दात दोन ‘न’ आले की जीभ कंटाळते आणि एकाचा ‘ल’ करते. मराठी जिभेलाही ‘न’च्या जागी ‘ल’ धरायची खोड आहेच. संस्कृत ‘निंब’, आणि आपण म्हणतो ‘कडुलिंब’. हिंदीत ‘नींबू’, आपल्याकडे ‘लिंबू’. लिस्बनच्या आणि काटोलच्या माणसानं एकमेकांना न विचारता, एकाच जातकुळीच्या फळाला, एकच खोडी केली. पोर्तुगीज पोराला मी कागदावर लिहून हे समजावलं. त्यानं मान डोलावली आणि विचारलं, “तुमचं ऑफिसचं काम संपलं का?”

आता गंमत पुढे आहे. टेबलावर एक ग्रीक मुलगी होती. ती इतका वेळ गप्प होती. मी विचारल्यावर म्हणाली, आम्ही ‘पोर्तोकाली’ म्हणतो. मी म्हटलं, हे कुठून आलं? ती म्हणाली, पोर्तुगालवरून. मी पोर्तुगीज पोराकडे पाहिलं, त्यानं खांदे उडवले.

अरबांनी युरोपात नेलं ते नारिंग कडू होतं. आज सेव्हिलच्या रस्त्यांवर, अथेन्सच्या फुटपाथांवर शोभेला लावलेली झाडं तीच. पिकून पायाखाली पडतात तरी कोणी उचलून खात नाही. औषधाला, अत्तराला, मासळीवर पिळायला, साखरेत मुरवायला ते फळ चालायचं, पण सोलून तोंडात टाकायचं नाही. गोड फळ मूळचं चीनकडचं. ते युरोपात नीट रुजलं पंधराव्या-सोळाव्या शतकात, आणि त्याचा व्यापार पसरवला पोर्तुगीजांनी. त्यामुळे भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या लोकांनी फळाला विकणाऱ्याचंच नाव दिलं. ग्रीक ‘पोर्तोकाली’, तुर्की ‘पोर्ताकाल’, रुमानियन ‘पोर्तोकाला’, अरबी ‘बुर्तुकाल’. ग्रीकमध्ये जुनं ‘नेरांत्झी’ही शिल्लक आहे, पण फक्त कडू फळासाठी. इराणी सहकाऱ्याकडे तर अख्खं कपाटच निघालं. कडू तो ‘नारेंज’, गोड तो ‘पोर्तेगाल’, सैल सालीचा छोटा तो ‘नारेंगी’ आणि रंग ‘नारेंजी’. त्याच्या भाषेत पाचशे वर्षांचा व्यापार खणाखणांत रचून ठेवलाय.

आणि ज्यांच्या नावानं अर्धं जग हे फळ ओळखतं ते पोर्तुगीज स्वतः काय म्हणतात? लारांझा. आपलंच नारिंग, ‘ल’ लावून.

उत्तरेकडच्यांनी तिसराच रस्ता धरला. डच लोक फळाला ‘सिनासआपल’ म्हणतात, म्हणजे चीनचं सफरचंद. जर्मनीच्या उत्तरेला ‘आपफेलझीने’, स्वीडनमध्ये ‘आपेलसीन’, रशियात ‘अपिल्सीन’, सगळीकडे तेच. फळ जन्मलं कुठे याच्याशी यातल्या एकाही नावाला कर्तव्य नाही. आपण ते कोणाच्या हातून घेतलं, एवढंच नावात लिहिलेलं असतं. किराण्याच्या पिशवीवर दुकानाचं नाव असतं, शेतकऱ्याचं नसतं, तसंच. चीनवाल्यांचं नाव चुकून खरं निघालं इतकंच.

डच लोकांचं मात्र एक मला शेवटपर्यंत पचलं नाही. ज्या देशात फळाला नारिंग म्हणत नाहीत, तोच देश ‘ओरांये’ या रंगासाठी वेडा आहे. २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो. त्या दिवशी युट्रेक्टच्या कालव्यांवरून हिंडलो तर दिंडीत शिरल्यासारखं वाटलं. टोप्या, शर्ट, कुत्र्यांचे गळपट्टे, होड्या, सगळं नारिंगी. घरमालकीणबाईंना मी कौतुकानं सांगितलं की हा शब्द आमचा. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, “नाही. हा आमच्या राजघराण्याचा आहे.”

आणि बाई काही अगदीच चुकल्या नव्हत्या. दक्षिण फ्रान्समध्ये ‘ओरांझ’ नावाचं गाव आहे. रोमन काळात त्याचं नाव होतं ‘अरौसियो’, स्थानिक केल्टिक लोकांच्या एका जलदेवतेवरून पडलेलं. फळाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. शतकानुशतकं घासून घासून ‘अरौसियो’चं ‘ओरांझ’ झालं, आणि तिकडून ‘न’ गाळत आलेलं नारिंगही योगायोगानं त्याच उच्चारापाशी येऊन थांबलं. दोन अनोळखी माणसांची आडनावं एक निघावीत तसं. १५४४ मध्ये या गावाची छोटीशी जहागीर वारसानं विल्यम नावाच्या अकरा वर्षांच्या जर्मन मुलाकडे आली. हाच पुढे स्पेनविरुद्ध डच बंडाचा पुढारी झाला. त्याच्या घराण्यानं नावसाधर्म्याचा फायदा घेत फळ आणि रंग दोन्ही आपल्या पदरात पाडून घेतले. मग आयर्लंडमधले प्रॉटेस्टंट ‘ऑरेंजवाले’ झाले, दक्षिण आफ्रिकेतली नदी ‘ऑरेंज’ झाली, न्यूयॉर्क शहराच्या झेंड्यात तो पट्टा आला. आणि मूळ गाव? ते १७१३ च्या तहात रीतसर फ्रान्सला देऊन टाकलं. तो तह झाला कुठे, तर युट्रेक्टमध्ये. मी रोज ज्या शहरात नख दुखवून घेत फळ सोलत बसायचो, तिथेच.

रंगाबद्दल आणखी एक. फळ येईपर्यंत इंग्रजीत या रंगाला स्वतंत्र नावच नव्हतं. जुन्या इंग्रजीत ‘पिवळातांबडा’ असा जोडशब्द करायचे. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरनं एका कोल्ह्याचं वर्णन केलं, तर त्याचा रंग पिवळा आणि तांबडा यांच्या मधला असं सांगून वेळ भागवली. रॉबिन पक्ष्याची छाती चक्क नारिंगी असते, तिला ते अजून लालच म्हणतात. रंगाचं नाव म्हणून ‘ऑरेंज’ येतो सोळाव्या शतकात. आपल्याकडे ही टंचाई कधीच नव्हती. केशरी आहे, शेंदरी आहे, भगवा आहे. केशर दुधातलं, शेंदूर मारुतीवरचा, भगवा खांद्यावरचा. या तिन्हींची अदलाबदल करून बघा, कोणीही मराठी माणूस थांबवेल. त्या गर्दीत नारिंगी हा रंगपेटीतला धाकटा, फारसं कोणी न विचारणारा. तरी परवा कापडाच्या दुकानात एक आजीबाई विचारत होत्या, “यात ऑरेंज कलर नाही का?” ‘न’ गाळून, युरोपभर हिंडून, परत आलेलं नारिंग काउंटरवर घडी मोडून पडलं होतं.

मग आमच्या संत्र्याचं काय? पोर्तुगालमध्ये सिंत्रा नावाचं गाव आहे, त्यावरून संत्रा आलं, असं कोशांत बऱ्याच वर्षांपासून सांगतात. ऐकायला झकास आहे. मोसंबीचं नाव मोझांबिकवरून, तसंच हे सिंत्रावरून. पण बाबर आपल्या आठवणींत हिंदुस्थानातली फळं मोजताना ‘नारंज’ वेगळं आणि ‘संगतरा’ वेगळं सांगतो. तो वारला १५३० मध्ये. पोर्तुगीजांनी गोवा घेतलं १५१० मध्ये. वीस वर्षांत फळ गोव्यात उतरलं, नाव बदललं आणि आग्र्याच्या बादशहाच्या ताटात नेहमीचं म्हणून जाऊन बसलं? माझा नाही विश्वास बसत. मुघल दरबारात पुढे या नावावरून चेष्टाही झाली म्हणतात. ‘संग’ म्हणजे दगड. इतक्या नाजूक फळाला दगड काय म्हणता, म्हणून महंमदशहा रंगील्यानं त्याचं ‘रंगतरा’ करून टाकलं. बादशहाचं नाव चाललं नाही, बाजाराचं चाललं. नागपूरकर भोसल्यांनी कलमं औरंगाबादकडून आणवली असं आमच्याकडे सांगतात. तिथून वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड असा पट्टा बहरला.

पण खरा धक्का मला बसला तो युट्रेक्टहून परत आल्यावर. आमचा संत्रा शास्त्रीय भाषेत ‘ऑरेंज’ नाहीच. सैल साल, सुट्या फोडी, चपटा आकार, म्हणजे तो मँडरिन. (गोड ऑरेंज हा या मँडरिनचा आणि पपनसाचा संकर. आमचा गडी बापाच्या ठिकाणी आहे.) मँडरिन हे नाव चिनी दरबारी अधिकाऱ्यांवरून आलं. त्या अधिकाऱ्यांना हा शब्द पोर्तुगीजांनी लावला, ‘मांदारीं’. पोर्तुगीजांनी तो मलायातून उचलला, ‘मंतरी’. आणि मलायी लोकांकडे तो गेला संस्कृतातून. मंत्री.

हे मी वडिलांना फोनवर सांगितलं. म्हटलं, बाबा, आपल्या संत्र्याला इंग्रजीत मंत्री म्हणतात. ते बागेत होते, मागून मोटारीचा आवाज येत होता. थोडा वेळ गेला. मग म्हणाले, “तरीच भावाच्या टायमाले तोंड दाखवत नाही.” आणि लगेच, “औंदा गळ जास्त हाय. कोळशी रोग बी दिसून रायला.”

बायकोला मंत्र्यापेक्षा इटलीची गोष्ट जास्त आवडली. इटालियनमध्ये फळ स्त्रीलिंगी, ‘आरांचा’, आणि झाड पुल्लिंगी, ‘आरांचो’. असा नियम आहे. पण पुष्कळ लोक फळालाही बिनदिक्कत आरांचो म्हणतात आणि शुद्धवादी त्यांना टोकतात. सिसिलीत तर याहून वर. तिथे तांदळाचे तळलेले गोळे करतात, आत सारण, बाहेर कुरकुरीत, रंग आणि आकार नारिंगासारखा. पालेर्मोत त्याला ‘आरांचिना’ म्हणतात, स्त्रीलिंगी. कातानियात ‘आरांचिनो’, पुल्लिंगी. या एका लिंगापायी दोन शहरं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांवर डोळे वटारून आहेत. शेवटी प्रकरण इटालियन भाषेच्या अकादमीपर्यंत गेलं. अकादमीनं दोन्ही चालतील असं सांगितलं, पण प्रमाण भाषेच्या दृष्टीनं स्त्रीलिंग जास्त बरोबर, अशी मेख मारून ठेवली. “बघ,” बायको म्हणाली, “प्रमाण भाषा.” मी म्हटलं, “कातानियात जाऊन सांग.”

गेल्या आठवड्यात पेटी आली. वरचा पेंढा काढला, दोन-तीन खराब निघाले ते बाजूला केले. (निघाली, ती बाजूला केली, आतून दुरुस्ती आली.) मुलगी सात वर्षांची, शाळेतून आली, दप्तर फेकलं आणि म्हणाली, “बाबा, ऑरेंज सोलून दे ना.”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ऑरेंज. ठीक आहे, पण तो की ते? मी अंगठा खुपसला, साल एका तुकड्यात उतरवली, फोड दिली. बायको ओट्याशी कान टवकारून उभी.

“आंबट आहे,” मुलगी म्हणाली.

यातून काहीच कळत नाही. आंबट हा शब्द कुठल्याही लिंगात आंबटच राहतो. आम्ही वाट पाहत राहिलो. तिनं फोड परत ताटलीत ठेवली, पेटीत डोकावली आणि बोट दाखवलं.

“ही नको. ती मोठी दे.”